परास्काची दिझा

मित्रांनो, ज्या हिवाळ्यात परास्काचे लग्न ठरले, त्याच हिवाळ्यात माझा जन्म झाला. ते साल १९४९. परास्काच्या संसाराचे जेवढे वय, तेवढेच माझे.

मला दिझा म्हणतात. तुमच्याकडे पीठ मळायला लाकडी काथवट असे, तशीच मी. पण खोल, उभी आणि वर झाकण असलेली. ओकच्या फळ्या एकीला एक भिडवून, बाहेरून दोन लोखंडी कडी आवळून मला केले आहे. माझ्यात पीठ आंबते, फुगते, आणि मग त्याचे मोठे गोल पाव होतात. याखेरीज मला काही येत नाही.

कॅनडात मॅनिटोबा म्हणून प्रांत आहे. तिथल्या डोंगराच्या उत्तर अंगाला युक्रेनहून आलेल्या आमच्या लोकांची शेते होती. परास्काचे वडील ओनुफ्री यांचेही तिथेच. ओढ्याकाठी वाऱ्याने एक ओक पडला होता, तो त्यांनी चिरला आणि मुलीसाठी मला घडवायला घेतले. ते शेतकरी चांगले होते, सुतार मात्र बेताचेच. तासता तासता एक फळी गाठीची निघाली. तिला बुडाशी बारीक भेग होती. दुसरी फळी काढावी तर लाकूड संपलेले, आणि लग्न तोंडावर आलेले. ओनुफ्री म्हणाले, राहू दे, पीठ जाऊन बसेल त्या भेगेत, ती आपोआप बुजेल. तसेच झाले. पण आपल्यात एक खोट आहे हे मी जन्मापासून जाणून होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी परास्काच्या आईने आपल्या दिझेतले मूठभर आंबवण काढून माझ्यात घातले. तुमच्याकडे विरजण असते ना, तसेच हे. ते फार जुने होते. परास्काच्या आजीने ते वाळवून, फडक्यात बांधून, समुद्र ओलांडून आणले होते. बोटीवर कुणीतरी तिला विचारले, काय गं, गाठोड्यात सोने बांधलेस का. ती म्हणाली, सोने असते तर या बोटीत कशाला बसले असते. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की माझीही पाठ झाली.

सासरी आले तेव्हा परास्काच्या सासूने, म्हणजे येव्काने, मला उचलून चारही बाजूंनी पाहिले. भेगेवरून नख फिरवले आणि म्हणाली, "तुझ्या बापाला अख्ख्या जंगलात एक धड फळी मिळाली नाही का गं?"

शनिवारी परास्काने पाव केले. येव्काने तीन जाड काप खाल्ले, बोटे पुसली आणि म्हणाली, मीठ जरा कमी आहे. त्या दिवसानंतर माझ्या भेगेचे नाव त्या घरात निघाले नाही.

माझे काही नियम होते, तेही सांगते. मला पाणी लावायचे नाही. काम झाले की आतले पीठ पात्याने खरवडायचे, थोडे फळ्यांना चिकटलेले राहू द्यायचे, वर मीठ आणि पीठ भुरभुरायचे आणि भरतकामाच्या फडक्याने मला झाकायचे. त्या चिकटलेल्या पिठातच पुढच्या शनिवारचे पाव झोपलेले असतात. मला कुणाला उसने द्यायचे नाही. परक्या घरी जाऊन आले की मी रुसते, असे सगळे मानत. आणि पीठ फुगत असताना घरात दार आपटायचे नाही, आवाज चढवायचा नाही. परास्काचा नवरा नेस्टर मोठा धिप्पाड माणूस होता. पण शनिवारी तो दोन्ही हातांनी दार धरून असे हळू लावी की वाटावे, आत कुणी आजारी आहे. नवराबायकोची भांडणे होत नसत असे नाही. पण ती शनिवारी होत नसत. एखादी गोष्ट फारच खुपली तर परास्का म्हणे, मंगळवारी बोलू.

ओरेस्त जन्मला तो दिवसही शनिवारच होता. परास्का मनगटापर्यंत पिठात होती आणि कळा सुरू झाल्या. येव्काने धावत जाऊन शेजारची सुईण आणली. दोघी तिला आत न्यायला लागल्या. पीठ तोपर्यंत झाकण उचलू लागले होते. परास्का खाटेवरून ओरडून म्हणाली, "आधी ते पीठ दाबा, मग माझ्याकडे बघा." फुगलेले पीठ एकदा दाबून बसवावे लागते, नाहीतर ते उतू जाते आणि मग बसते ते बसतेच. सुईण वैतागली, पण तिने बाह्या सरसावल्या आणि पीठ दाबले. पाव आणि पोरगा एकाच दुपारी बाहेर आले. नेस्टर पुढे आयुष्यभर सांगे, दोन्हींत पाव जास्त गोरा होता.

ती वर्षे आठवली की आजही मला माझ्या फळ्या ऊबदार वाटतात. अंगणात मातीची भट्टी होती. तिच्यात लाकडे जाळून, निखारे मागे लोटून, परास्का हात आत घाली आणि उष्णता जोखी. पावाखाली कोबीची पाने अंथरी. पाव निघाला की तळाला त्या पानांच्या शिरा उमटलेल्या असत. मळणीच्या दिवसांत शेजारपाजारचे पुरुष जेवायला असत आणि मला विश्रांतीच नसे. एकदा गारपिटीने उभा गहू झोपला. त्या संध्याकाळी परास्काने जुन्या पिठाचे पाव केले, नेस्टरपुढे ठेवले. त्याने एक काप खाल्ला, मग दुसरा घेतला. म्हणाला, पुढच्या वर्षी खालच्या रानात ओट पेरू. बस, एवढेच.

मग काळ बदलला. तो सगळीकडेच बदलतो, मी काही वेगळे सांगत नाही. ओरेस्त शाळेत जाऊ लागला आणि माझ्या काळ्या पावाचे काप देऊन इतर मुलांकडून दुकानचे पांढरे काप घेऊ लागला. परास्काला ते कळले तेव्हा तिने एवढेच विचारले की बदल्यात एकाला एक घेतोस की दोन. तो म्हणाला, एकाला एक. ती म्हणाली, मग फसलास. तो मोठा झाला, शहरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला लागला. त्याने डोरीनशी लग्न केले. डोरीन आमच्या लोकांतली नव्हती, दक्षिणेकडच्या मोठ्या गावातून आलेली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. हसरी, कामसू, आणि स्वच्छतेची भारी कडक. रविवारी दोघे शेतावर येत तेव्हा पाव कापून ताटात आलेले असत. ते कुठून येतात हे तिने कधी पाहिले नव्हते, आणि तिला दाखवावे असे कुणाच्या मनातही आले नव्हते.

येव्का गेली. मळणीला यंत्रे आली, माणसे येईनाशी झाली. शेत थोडे थोडे करून विकले आणि शेवटी घर, विहीर, बाग आणि भोवतीची दहा एकर जागा तेवढी उरली. मी आता सणावारीच खाली उतरत असे. पण उतरत असे.

१९९७ च्या जानेवारीत नेस्टरच्या छातीत दुखू लागले. बाहेर बर्फाचे वादळ. रुग्णवाहिका वळणावर रुतली. शेजाऱ्याने ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली, तोवर नेस्टर स्वयंपाकघरात जमिनीवर पडून होता आणि परास्का त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. मी फळीवरून पाहत होते. तो वाचला. पण डॉक्टरांनी सांगितले, इस्पितळाजवळ राहा. ओरेस्तने डॉफिन शहरात स्वतःच्या घरामागच्याच गल्लीत आईवडिलांसाठी एक छोटे घर पाहिले.

नेस्टर तयार होता. परास्का नव्हती. ती रडली नाही, भांडलीही नाही. पण उन्हाळाभर तिने बागेत असे बी पेरले जसे काही पुढची दहा वर्षे तीच ते खुडणार आहे. शेवटी एका मंगळवारी ती टेबलाशी बसली आणि बोलली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "नव्या घरातला पहिला पाव हिच्यातला. तो फुगला तर मी तिथे राहीन. नाही फुगला तर मला परत इथे आणून सोडायचं. तू रहा तिकडे तुझ्या डॉक्टरांजवळ."

ओरेस्त हसला. नेस्टर हसला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत ही बाई काय गंमत म्हणून बोलते आणि काय नाही, हे त्याला कळत होते. तो म्हणाला, "बरं. ठरलं."

शरद ऋतूत लिलाव झाला. आमच्याकडे शेत सोडताना तसाच करतात. सगळे सामान अंगणात ओळीने मांडायचे आणि गावाने येऊन घ्यायचे. चर्चच्या बायका एका टेबलावर कॉफी विकत होत्या. नांगर गेला, दूध घुसळायचे यंत्र गेले, येव्काचा पाळणा गेला. कुणीतरी चुकून मलाही ओळीत ठेवले होते. शहरातला एक माणूस मला ठोकून म्हणाला की खाली भोके पाडली तर फुलझाडे लावायला झकास. नेस्टर काठी टेकत आला आणि त्याने मला त्याच्या हातातून काढून घेतले. म्हणाला, "हे सामान नाही. हे घरातलं माणूस आहे." तो माणूस बिचारा क्षमा मागून पाळण्याकडे वळला.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी परास्का आणि नेस्टर दफनभूमीत गेले. येव्काची कबर, ओनुफ्रींची कबर, सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता. घरात डोरीन एकटी होती. तिने भांडी कागदात गुंडाळली, फडताळे पुसली, आणि मग तिने माझ्यावरचे फडके काढले.

मित्रांनो, तिच्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहा. आत करड्या रंगाची खरखरीत खपली. आंबट वास. तिला वाटले, म्हाताऱ्या सासूचे हात आता चालत नाहीत, बिचारीला घासवत नसेल. तिने बंब तापवला. कढत पाणी, साबण, तारेचा ब्रश. आणि सगळे झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातून आणलेले जंतू मारायचे औषध. तिने मला मनापासून घासले. गाणे गुणगुणत घासले. मग मला उन्हात पालथे घातले. मी आतून इतकी पांढरी कधीच झाले नव्हते, जन्मले तेव्हासुद्धा नाही. आणि इतकी मुकीही.

परास्का परत आली. डोरीन मला दोन्ही हातांत धरून दारात उभी राहिली. म्हणाली, "बघा आई, अगदी नव्यासारखी केली."

परास्काने तळहात आत घातला. फळ्यांवरून फिरवला. बुडापर्यंत नेला. मग हात काढून डोक्याला पदरासारखा गुंडाळलेला रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "फार मेहनत घेतलीस हो, पोरी."

नेस्टरने तोंड फिरवले आणि तो उगाचच गाडीचे दोर तपासायला गेला.

नव्या घरात रीतीप्रमाणे सगळे झाले. आधी देवाची तसबीर, मग मीठ, मग मी, मग माणसे. रीत अशीही आहे की नव्या घरात पहिली रात्र कोंबड्याने काढायची. तो सकाळी आरवला तर घर चांगले. ओरेस्त म्हणाला की शहरात असले चालत नाही. नेस्टरने ऐकले आणि कोंबडा कोटाखाली घालून आणला. तो चांगला आरवला. इतका आरवला की शेजारचा माणूस झोपेच्या कपड्यांत दारात येऊन उभा राहिला. "आजोबा, हे घर आहे की खुराडं?" नेस्टर म्हणाला की आजचाच दिवस, उद्या रस्सा होईल, तूही ये जेवायला. शेजारी हसावे की रागवावे हे न कळून परत गेला. जेवायला मात्र आला.

एवढे शुभ शकुन झाले, पण पीठ फुगेना. परास्काने राय धान्याचे पीठ कालवून माझ्यात ठेवले. राय म्हणजे गव्हाचे सावळे भावंड. आमचे आंबवण त्यातच उठते. तिने मला चुलीजवळ ठेवले, कोटात गुंडाळले. काही झाले नाही. दुसऱ्या खेपेला पिठावर हिरवट बुरशी आली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो असे ती म्हणे. तिसऱ्या खेपेला तिने तसेच भाजले. पाव फरशीसारखा निघाला. नेस्टरने तुकडा मोडायचा प्रयत्न केला, मग गालात ठेवून चघळला. म्हणाला, दात असते तर फर्मास लागला असता. कुणी हसले नाही.

दुकानात खमिराची पाकिटे मिळत होती. ओरेस्त दोन घेऊनही आला. परास्काने ती फडताळात ठेवली आणि उघडली नाहीत.

ओरेस्तने मग डोरीनला बाजूला घेऊन सांगितले की तिने काय धुऊन टाकले होते. त्यालाही ते फार उशिरा आठवले होते. मी ते भिंतीपलीकडून ऐकले. डोरीनने एवढेच विचारले, "मग त्या मला ओरडल्या का नाहीत?"

परास्काने पाच पेट्यांपैकी तीन उघडल्या नाहीत. बियांचे डबे, पडदे, चांगले ताट, सगळे बांधलेलेच राहिले. ती खुर्चीत बसे ती खिडकीकडे पाठ करून. नेस्टर रोज विचारायचा विचार करी आणि विचारत नसे. अट दोघांनाही आठवत होती. तो तिच्याबरोबर परत गेला तर पुढच्या वादळात मेला असता. आणि ती एकटी गेली असती तर तो इथे किती दिवस जगला असता कोण जाणे. जानेवारीत, जुन्या पंचांगाप्रमाणे, आमचा नाताळ आला. टेबलावर मधोमध वेणीचा पाव लागतो, तो चर्चच्या बायकांकडून विकत आणला. परास्काने त्याला हात जोडले आणि खाल्ला नाही.

मला तळघरात नेऊन ठेवले. तिथे घर तापवायचे यंत्र होते. दिवसभर घुरघुर करी आणि कोरडी, गरम हवा फेकी. शेतावर मी कधी अशी कोरडी पडले नव्हते. माझ्या फळ्या आकसू लागल्या. कडी सैल झाली. मला वाटले, आता आपला शेवट हाच. कुणी रुसली म्हणो की मेली म्हणो.

फेब्रुवारीत एका दुपारी डोरीन खाली बीटच्या लोणच्याची बरणी घ्यायला आली. बरणी घेतली, जायला वळली, आणि थांबली. माझ्याजवळ येऊन तिने मला उचलले. का उचलले ते तिलाच ठाऊक. खालचे कडे घसरून तिच्या पायावर पडले. मग वरचे. आणि मी तिच्या हातांत फळी फळी होऊन सुटले. ती खाली बसली आणि रडू लागली. "हेही मोडलं," असे स्वतःशीच म्हणत राहिली.

आवाज ऐकून परास्का जिना उतरून आली. गुडघे दुखत होते तरी आली. डोरीनला तिने उगी राहा म्हटले नाही. तिच्याशेजारी खालच्या पायरीवर बसली आणि फळ्या गोळा करू लागली, जळणाच्या काटक्या गोळा कराव्या तशा. गाठीची फळी हातात आली. तिने सवयीने भेगेवर अंगठा ठेवला. आणि अंगठा तसाच राहिला.

भेग सुकून उघडी पडली होती. आत, बुडापासून बोटभर वरपर्यंत, तपकिरी रंगाचे काहीतरी दडून बसले होते. दगडासारखे घट्ट. साबणाचे पाणी तिथवर पोचले नव्हते, ब्रशची तारही नाही. परास्काने केसातली पिन काढली आणि एक कण उकरून जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

मग ती हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच हसली.

"माझ्या बापाची भेग," ती म्हणाली.

डोरीनला काही कळेना. परास्काने तिच्या जिभेवरही एक कण ठेवला. डोरीनने तोंड वाकडे केले. भयंकर आंबट होता. आणि मग तिला कळले. तिने हळूच विचारले, "म्हणजे मी सगळं नाही मारलं?"

"तुला सगळं मारता आलं नाही," परास्का म्हणाली, "कारण माझ्या बापाला सुतारकाम येत नव्हतं."

दोघींनी मिळून भेग रिकामी केली. चहाचा चमचाही भरला नाही एवढे ते निघाले. पण त्यात आजीचे गाठोडे होते, आईची मूठ होती आणि माझे सगळे शनिवार होते. नळाचे पाणी नको, असे परास्काने बजावले. नेस्टर पातेले घेऊन अंगणात बर्फ आणायला निघाला तेव्हा तिने हाक मारली की शेजाऱ्याच्या कुत्र्याचा कोपरा सोडून भर. बर्फ वितळवून, कोमट करून, त्यात राय आणि तो चुरा कालवला. वाटी डोरीनच्या हातात दिली. म्हणाली, तूच सांभाळ.

डोरीनने वाटी आपल्या घरी नेली नाही. तीच रोज सकाळी कामावर जाण्याआधी येई, फडके उचलून पाही, पुन्हा झाकी. आधी काहीच दिसले नाही. मग एक बुडबुडा आला. तिने परास्काला हाक मारली. परास्का म्हणाली की वाकून ऐक. डोरीनने कान लावला. वाटीतून बारीक चुरचुर येत होती.

तोवर ओरेस्तने मला जोडले. जुनी कडी सैल पडत होती, म्हणून दुकानातून नळांना आवळायची पट्टी आणून त्याने ती तिसरे कडे म्हणून लावली. ती अजून चकाकते आणि मला मुळीच शोभत नाही. फळ्या फुगून बसाव्यात म्हणून मला बर्फाच्या पाण्यात बुडवावे लागले. मी परास्काकडे पाहत होते. ती म्हणाली, या वेळी पाणी चालेल.

पुढच्या शनिवारी माझ्यात पीठ पडले. दुपारपर्यंत झाकण हलले. ओरेस्त घाईने बाहेरून आला, वाऱ्याने दार धाडकन आपटायला निघाले, आणि नेस्टरने आपला रुंद पंजा मध्ये घालून ते धरले. बोटे चेंगरली. तो ओरडला नाही.

विजेच्या भट्टीत पाव झाले. मातीच्या भट्टीची चव नव्हती, कोबीची पाने दुकानची होती, तरी शिरा उमटल्या होत्या. एक पाव शेजाऱ्याला गेला. त्याने कोंबड्याची चौकशी केली. नेस्टरने कडेचा तुकडा खाल्ला, आणि उन्हाळ्यापासून मनात धरलेले अखेर विचारले.

"मग काय, म्हातारे? सोडू का तुला परत?"

परास्का बियांच्या डब्यांची पेटी उघडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गप बस. आणि ते दार हळू लाव, अजून एक घाणा फुगायचा आहे."

त्या संध्याकाळी तिने खुर्ची खिडकीकडे वळवली. वसंत आला तेव्हा घरामागे हातभर जागेत तिने कांदा, बीट आणि खसखस पेरली. शेताची आठवण तिने सोडली असे नाही. शनिवारी वारा उत्तरेकडून आला की ती पिठात हात ठेवून थोडी थांबे. मीही थांबे. दहा एकर जागा कुणी एका वाटीतून आणू शकत नाही. पण जेवढे येते तेवढे येते.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. घरातले जुने भांडे हातात आले तर लगेच घासायला घेऊ नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की यात काय आहे. आणि म्हाताऱ्या माणसांनो, तुम्हीही कुणी चुकायची वाट पाहू नका. दाखवायचे ते वेळेवर दाखवा. डोरीनला कुणी आधी दाखवले असते तर तिने मला जिवापाड जपले असते. नंतर तिने जपलेच. आता मी तिच्या स्वयंपाकघरात असते. तिच्या नातीला माझ्या झाकणाला हात लावायची परवानगी आहे, पाणी लावायची नाही.

नेस्टर २००१ सालच्या एप्रिलात गेला, झोपेत, त्याच छोट्या घरात. परास्का १५ नोव्हेंबर २००८ रोजी गेली. तो शनिवार होता. डोरीन तिच्या उशाशी बसली होती आणि स्वयंपाकघरात माझे झाकण उचलले जात होते. परास्का म्हणाली, "आधी ते पीठ दाब." डोरीनने उठून पीठ दाबले. ती पिठाच्या हातांनी परत आली तेव्हा परास्का वारली होती.